दुसरा उद्गार: राहुरी ते कासारवाडी, व्हाया चाकण

या ब्लॉगवर आजवर गड, घाट आणि धरणांच्या भिंती आल्या. पिंपरी-चिंचवडला फिरायला कोण जातं, असं तुम्ही विचाराल, तर बरोबरच विचाराल. लोक तिथे नोकरीला जातात, लेकीच्या बाळंतपणाला जातात, फार तर भाच्याचा नवा फ्लॅट बघायला जातात. मी गेलो ते दहा मिनिटं बोलायला, आणि जाताना पोटात इतकं दुखत होतं की वाटेतल्या एकाही हॉटेलातलं मला गोड लागलं नाही. त्या दुखण्याला औषध नव्हतं. दुसऱ्याच्या वाट्याला काहीतरी चांगलं आलं होतं, त्याचं ते दुखणं होतं.

ज्यांना आमच्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आम्हा ख्रिस्ती लोकांत उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भर दुपारी तीन तासांची उपासना असते. क्रूसावरून येशूने जे सात उद्गार काढले त्यांवर सात जण बोलतात. कुणाला कितवा द्यायचा हे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, ठरवतात, आणि त्यावरून मंडळीत जेवढं राजकारण होतं तेवढं ग्रामपंचायतीतही होत नसेल. पहिला उद्गार क्षमेचा, तो मानाच्या पाहुण्याला. तिसरा आईबद्दलचा, तो बहुधा एखाद्या बाईंना. चौथा फार अवघड, तो पाळकसाहेब स्वतःकडे ठेवतात. आणि दुसरा म्हणजे त्या सातांतला हिरा. येशूच्या दोन्ही बाजूंना दोन चोर टांगलेले आहेत. त्यांतला एक मरता मरता आपलं चुकलं म्हणतो, माझी आठवण ठेव म्हणतो, आणि येशू त्याला सांगतो की तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. कधी? तर आज. चौकशी नाही, प्रोबेशन नाही, उद्या या नाही. या एका 'आज'वर बोलणारा जरा बरा असला तर चर्चमध्ये डोळे पुसायला पदर पुरत नाहीत.

हा दुसरा उद्गार मला हवा होता. मी राहुरीजवळच्या शाळेत मराठी शिकवतो, रविवारी शब्बाथशाळेत पोरांना तारण, म्हणजे पापातून सुटका, आणि पश्चात्ताप शिकवतो, आणि दर वर्षी माझ्या वाट्याला पाचवा येतो. पाचवा म्हणजे तहान लागल्याचा. मूळ भाषेत तर तो एकच शब्द आहे म्हणतात. एका शब्दावर दहा मिनिटं बोलायचं, तेही उपाशीपोटी बसलेल्या लोकांसमोर, जे त्या वेळी फक्त घड्याळाकडे बघत असतात.

आमचे जुने पाळकसाहेब बदली होऊन आता पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीला असतात, आणि उत्तम शुक्रवारी मला तिथे बोलावतात. त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, या वर्षी नक्की. आमच्यात नमस्काराला सलाम म्हणतात; ते म्हणाले, "सर, सलाम. पाचवा तुमचा. आणि तुम्ही चाकणवरूनच येणार ना, मग शिमोनला घेऊन या गाडीत. दुसरा त्याच्याकडे आहे."

"हा शिमोन कोण?"

"भेटाल तेव्हा कळेल. साक्ष ऐका त्याची."

दुसऱ्या दिवशी इकडून तिकडून कळलं. शिमोनचे वडील जालन्याहून कारखान्यात कामाला आले, पोरगा चाकणमध्ये वाढला आणि वाढता वाढता 'भाऊ' झाला. कंपन्यांना माल पुरवणारे, टेम्पोवाले, टपरीवाले यांच्याकडून खंडणी गोळा करायचा. आत जाऊन आला. मग दोनेक वर्षांपूर्वी त्याने पश्चात्ताप केला आणि आता एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो.

साक्ष म्हणजे काय तेही सांगतो. आमच्याकडे उभं राहून लोकांना सांगायचं असतं की मी पूर्वी असा होतो, मग प्रभू भेटला, आणि आता मी असा आहे. माझी पंचाईत अशी की मी पूर्वी असाच होतो. कुणाची काडी चोरली नाही, दारूला शिवलो नाही, परीक्षेत कॉपीसुद्धा केली नाही. इतकी वर्षं सरळ चाललो त्याचं फळ पाचवा उद्गार, आणि हा चाकणचा भाऊ परवा आला आणि हिरा घेऊन बसला. मी हे सगळं नीलिमासमोर, म्हणजे बायकोसमोर, दोन दिवस बोलत होतो. शेवटी ती म्हणाली, "अहो, तुम्हाला पाप करायला कुणी अडवलं होतं का?"

गुरुवारी सकाळी निघालो. आमची जुनी छोटी गाडी सीएनजीवर चालते, म्हणून सूचना: गॅस नगर बायपासलाच भरून घ्या, शिरूरला रांग लागते आणि उन्हात जीव जातो. सुप्याच्या पुढे रस्ता झकास आहे. रांजणगावला गणपतीच्या गर्दीमुळे थोडं हळू, आणि शिक्रापूरला उजवीकडे चाकणसाठी वळलात की समजा सुख संपलं. तिथून पुढे कंटेनर. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला कुणाची तरी नवीकोरी मोटार पोटात घेऊन चाललेला ट्रेलर. दुचाकीवाले या सगळ्यातून कसे जिवंत निघतात ते एक देवच जाणे. सकाळची शिफ्ट सुटायच्या वेळी या रस्त्यावर येऊ नका. आम्ही नेमके तेव्हाच आलो.

गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती आणि नीलिमा दुकानांच्या पाट्या वाचत होती. इथे दर चार दुकानांमागे 'सोने तारण कर्ज' लिहिलेलं असतं. ती म्हणाली, "बघा, तुमचं तारण इथे व्याजाने मिळतं." एरवी मी हसलो असतो.

शिमोन चाकणच्या चौकाच्या अलीकडे उभा होता. मला वाटलं होतं गळ्यात साखळी, डोळ्यांवर काळा चष्मा असेल. होता तो मध्यम उंचीचा, टक्कल पडत चाललेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला माणूस. हातात डबा होता. सलाम करून मागच्या सीटवर अंग चोरून बसला आणि म्हणाला, "सर, तुमच्याबद्दल लय ऐकलंय. पाळकसाहेब म्हणत्यात तुमच्यासारखं मराठी कोणाचं न्हाई." यावर मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, हा नम्र पण आहे म्हणजे कहरच झाला.

त्यानेच चहाला थांबायला सांगितलं. चौक ओलांडून मोशीच्या दिशेला लागलं की डाव्या हाताला एक हॉटेल आहे, नाव लिहीत नाही. पत्र्याची शेड, चार टेबलं. इथली मिसळ जरूर खा, रस्सा काळ्या मसाल्याचा, पाव गरम, आणि प्लेट अजून शंभराच्या आत आहे. गल्ल्यावर पंचावन्न-साठीचे गृहस्थ बसले होते, सगळे त्यांना बबनराव म्हणत होते. शिमोन आत शिरला आणि बबनराव उभे राहिले. कुणी पाहुणा आला म्हणून उठतात तसं ते उठणं नव्हतं. आमच्या शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर हेडमास्तर असे उठतात.

खाणं झालं. मी पाकीट काढलं तर शिमोनने माझा हात धरला आणि स्वतः गल्ल्यावर गेला. बबनराव मान हलवू लागले. "ऱ्हाऊ द्या भाऊ. तुमच्याकडनं कसलं घ्यायचं?"

"बबनराव, घ्या की आज तरी."

"ऱ्हाऊ द्या म्हणतो ना. आपलंच हाय."

शिमोनने नोट काउंटरवर ठेवली. बबनरावांनी तिला हात लावला नाही. ते दुसरीकडे बघत राहिले, आणि फडक्याने एकच कपबशी पुन्हा पुन्हा पुसू लागले. शिमोन थोडा वेळ उभा राहिला, मग नोट परत खिशात घालून बाहेर आला.

गाडी सुरू झाली. मग नीलिमानेच विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, चार वर्सं मी हितं फुकट खाल्लं. पोरं घिऊन यायचो, वर महिन्याचं पाकीट न्यायचो. एकदा पाकीट उशिरा दिलं म्हणून ह्यांचं काचंचं सगळं सामान फोडलं. आता दर आठवड्याला येतो, पैसं ठिवतो, आन् ते घेत न्हाईत. त्यांना वाटतं ह्यो नवा डाव हाय. मी माफी मागितली तर म्हणले, माफ केलं, माफ केलं, पर हितनं जावा." तो बाहेर बघत होता. "उद्या मी हेच सांगणार हाय. मला भाषण येत न्हाई. त्या चोराला येशूनं लगेच घेतलं. बबनरावानं मला अजून चहाचं पैसं घेण्याइतकं घेतलं न्हाई. एवढंच सांगणार."

आता मनातलं सांगतो. ऐकून मला वाईट वाटलं हे खरं, पण त्याच्या जोडीने दुसरंही काही झालं. मी मनात म्हणालो, अरे, काय दृष्टान्त आहे. इतकी वर्षं शब्बाथशाळेत मी पश्चात्तापाची उदाहरणं शोधतोय, हरवलेलं पेन परत देणाऱ्या मुलाची गोष्ट सांगून सांगून झिजवली, आणि या माणसाच्या झोळीत ही गोष्ट आयती पडलेली. तीही त्याला धड सांगता येणार नाही. वाया जाणार.

कुरुळी, चिंबळी, मोशी, भोसरी असं करत नाशिक फाट्याला आलो. फाट्याचा पूल पहिल्यांदा येणाऱ्याला चकवतो, वरून जायचं की खालून हे मोबाइललाही कळत नाही. कासारवाडी स्टेशनच्या बाजूला उतरायचं असेल तर डावीकडची पट्टी सोडू नका. भोसरीजवळच्या जॅममध्ये अडकलो होतो तेव्हा शिमोनने आणखी एक सांगितलं, आणि ते ऐकून माझा उरलासुरला धीर सुटला.

आमच्या पवित्र शास्त्राच्या मराठीत 'खंडणी' हा शब्द चांगल्या अर्थाने येतो. गुलामाला किंवा कैद्याला सोडवायला जे भरायचं ती खंडणी, आणि येशूने आपला जीव देऊन पुष्कळांची खंडणी भरली, अशी आमची शिकवण. मी हे इतक्या वेळा शिकवलंय की फळ्यावर डोळे मिटून लिहीन. शिमोन आतून सुटून आल्यावर आईच्या आग्रहाखातर एकदा चर्चमध्ये गेला आणि मागच्या बाकावर बसला. पाळकसाहेब नेमके गरजले की तुमच्या खंडणीचा हिशेब मिटला आहे.

"मला वाटलं म्हातारीनं साहेबांना माझं सगळं सांगितलं," शिमोन म्हणाला. "घाम फुटला मला. वाटलं, बाहेर पोलीस आसत्याल. उठलो, दारापर्यंत गेलो. तवर ते म्हणले, त्यानं तुमच्या वतीनं भरली. मी दारातच थांबलो, सर. आमच्या धंद्यात घेणारे लय बघितले. दुसऱ्याच्या वतीनं भरणारा एक न्हाई बघितला. म्हणलं, ह्यो कोण येडा हाय ते ऐकून तरी जावं."

नीलिमा खळखळून हसली आणि मग तिने डोळे पुसले. मी स्टेअरिंग धरून बसलो होतो. एका शब्दाचा चुकीचा अर्थ लागला आणि या माणसाचं तारण झालं. मला त्या शब्दाचा बरोबर अर्थ लहानपणापासून माहीत आहे, व्युत्पत्तीसकट माहीत आहे, आणि मला त्याने कधी साधा घामही फुटला नाही. मला त्याचा इतका हेवा वाटला की हॉर्नवरचा हात काढायचा मी विसरलो. पुढचा रिक्षावाला मागे वळून बघायला लागला.

चर्चच्या आवारात पाहुण्यांची खोली आहे, तिथे आमची सोय होती. खोली स्वच्छ आहे, पण रूळ जवळच असल्याने लोणावळ्याची गाडी गेली की खिडकीच्या काचा वाजतात. हलकी झोप असेल त्यांनी पलीकडे सांगवीत एखादं लॉज बघावं. संध्याकाळी प्रभुभोजनाच्या उपासनेआधी पाळकसाहेबांनी आम्हा सातांना अंगणात बसवून कागद वाटले. प्रत्येक उद्गाराबरोबर वाचायचं एकेक वचन त्यावर होतं. दुसऱ्या उद्गाराला नेमकं खंडणीचं वचन जोडलेलं होतं.

शिमोनने कागद वाचला आणि तो उठून उभा राहिला. "साहेब, हे मला जमणार न्हाई."

"का रे?"

"ह्यो शब्द मी माईकवर न्हाई म्हणणार. उद्या चाकण, मोशीवरनं लोकं येणार. त्यातल्या दोघा-तिघांनी माझ्या तोंडून ह्यो शब्द आधी ऐकलाय. पुन्यांदा नको."

"मग दुसरं वचन घेऊ."

"नको साहेब. दुसरा उद्गारच सरांना द्या. सरांचं मराठी चांगलं हाय. मी त्यांचा पाचवा घेतो. तहानेचा हाय ना? चहाचं मला त्यातबी सांगता येईल."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोनदा नको म्हणायला हवं होतं, तशी रीत असते. मी एकदाच म्हणालो, तेही हळू. असा माझ्याकडे दुसरा उद्गार आला.

रात्री झोप लागली नाही म्हणून खोलीवर दोष टाकला, पण गाड्या त्या मानाने कमीच होत्या. मनात भाषण फिरत होतं. सुरुवात तयार, 'आज' या शब्दावरचा भाग तयार, शेवट तयार. मधे एक भोक होतं. तिथे एक जिवंत उदाहरण हवं होतं आणि जे होतं ते माझं नव्हतं.

शुक्रवारी ऊन मी म्हणत होतं. चर्च लहान, माणसं व्हरांड्यापर्यंत. पांढरे कपडे, पंखे फिरताहेत पण वारा नाही. पहिला उद्गार झाला, गीत झालं, आणि मी उभा राहिलो. वचन वाचलं. 'खंडणी' म्हणताना मागे कुठेतरी एकदोन माना वर झाल्या, त्या मला दिसल्या. मी 'आज'पाशी आलो. आणि मग मी म्हणालो, "काल चाकणला एका हॉटेलात मी एक माणूस पाहिला."

मी नाव घेतलं नाही. बाकी काही सोडलं नाही. गल्ल्यावरची नोट सांगितली, पुन्हा पुन्हा पुसलेली ती एकच कपबशी सांगितली, तोंड फिरवून उभा असलेला मालक सांगितला. मराठीचा मास्तर आहे, कुठे थांबायचं ते मला कळतं. 'स्वर्गाने ज्याला लगेच घेतलं त्याला चाकणने अजून चहाच्या पैशांइतकंही घेतलेलं नाही' या वाक्यानंतर मी थांबलो आणि चर्चमध्ये पंख्यांशिवाय आवाज नव्हता. मग हुंदके आले. पुढच्या रांगेतल्या आजींनी चष्मा काढला. ज्या क्षणाची मी इतकी वर्षं वाट पाहिली तो असाच असेल असं मला वाटलं होतं आणि तो तसाच होता. शिमोन तिसऱ्या बाकावर होता. त्याच्याकडे मी बघितलं नाही.

जागेवर येऊन बसलो तेव्हा नीलिमा पुढे बघत हळूच म्हणाली, "छान बोललात. कुणाचं होतं?"

तिसरा झाला, चौथा झाला. शिमोन उठला. माईकपाशी गेला, माईक त्याला जरा उंच होता, तो त्याने खाली केला नाही. म्हणाला, "मला जे सांगायचं व्हतं ते सरांनी सांगितलं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. त्यो माणूस मी हाय." थोडा थांबला. "येशूला तहान लागली व्हती. मलाबी हाय. एवढंच." आणि खाली बसला.

माझ्या वेळी रडली नव्हती ती माणसंही आता रडली. व्हरांड्यातले बाप्ये रडले. एक सांगतो, आणि हे लिहिताना लाज वाटते: त्या घडीला, गुड फ्रायडेच्या दुपारी, क्रूसाच्या समोर बसून, मला राग आला होता. मी एवढं सजवून सांगितलं त्यापेक्षा त्याच्या अडीच वाक्यांनी जास्त काम केलं. चोरीचा माल घेऊन पळालो आणि तरी शर्यत हरलो.

उपासनेनंतर अंगणात लिंबू सरबत आणि बन वाटले. लोक माझा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते, आणि मागच्या मागे शिमोनला शोधत होते. तो सापडला नाही. त्याला संध्याकाळच्या शिफ्टला जायचं होतं, तो बसने निघून गेला होता. आमच्या गाडीची त्याने वाट पाहिली नाही. पाळकसाहेब मला म्हणाले, "तुमचं ठरलं होतं का दोघांचं असं? तुम्ही सांगायचं आणि त्याने उभं राहायचं?" मी म्हणालो, "नाही." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी विचारायला हवं होतं असं मला त्या वेळी फार वाटलं.

शनिवारी परत निघालो. सकाळी लवकर भोसरी ओलांडा, मग चाकणपर्यंत रस्ता मोकळा मिळतो. बबनरावांच्या हॉटेलपाशी मी गाडी थांबवली. नीलिमाला सांगितलं की चहा हवाय. खरं कारण वेगळं होतं. मला वाटत होतं, शिमोनला जे जमलं नाही ते मी जमवीन. शिकलेला माणूस, बोलणारा माणूस. बबनरावांना नीट समजावीन की हा खरोखर बदललाय, मग ते त्याचे पैसे घेतील, आणि ते माझ्यामुळे झालेलं असेल. मत्सर माणसाला चांगली कामंही कशी सुचवतो बघा.

चहा झाला. मी गल्ल्यावर पैसे पुढे केले. बबनराव म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब. तुमी भाऊंचे पाव्हणे."

"अहो, मी शाळामास्तर आहे."

"आसाल. परवा त्यांच्यासंगं आला व्हता ना? ऱ्हाऊ द्या."

मी समजावायला लागलो. शिमोन बदललाय, त्याचा पश्चात्ताप खरा आहे, तो आता तसा राहिलेला नाही. दृष्टान्तसुद्धा दिला. बबनराव सगळं ऐकून घेत होते, मधे मधे व्हय व्हय म्हणत होते, आणि त्यांचे दोन्ही हात काउंटरखाली गेलेले होते. शेवटी ते म्हणाले, "त्यो बदलला आसंल साहेब. मी खोटं कशाला म्हणू? पर मी कुठं बदललोय? त्याची चाल वळखू आली की अजून माझ्या पोटात गोळा येतो. त्यानं पश्चात्ताप केला, लय चांगलं केलं. मला जरा वेळ द्या म्हणावं. आन् तुमीबी आता आग्रह करू नका."

शेवटचं वाक्य ते विनवणीच्या सुरात म्हणाले. मग मला दिसलं की मी गल्ल्यावर वाकून उभा आहे, आवाज चढलेला आहे, आणि शेजारच्या टेबलावरचे दोघे कामगार खाणं थांबवून भिंतीकडे बघताहेत. मी पैसे काउंटरवर ठेवून निघालो. गाडी वळवताना आरशात दिसलं, ते तिथेच पडलेले होते.

वाटेत नीलिमाने एकच विचारलं. "शिमोनने ती गोष्ट उद्या सांगणार म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही जागे होतात ना?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग झालं." शिक्रापूर ते सुपा आम्ही रेडिओ ऐकत आलो. सुप्याला भेळ चांगली मिळते म्हणतात, आम्ही थांबलो नाही.

घरी आल्यावर फोन वाजत राहिला. कुणीतरी माझ्या भाषणाचं रेकॉर्डिंग केलं होतं, ते नगरपासून श्रीरामपूरपर्यंत फिरत होतं. अश्रू आवरले नाहीत, सर. पुढच्या वर्षी आमच्याकडे दुसरा उद्गार तुम्हीच. रेकॉर्डिंग माझ्या भाषणापाशीच संपत होतं. पाचवा उद्गार त्यात नव्हता. ते मी पुन्हा पुन्हा ऐकलं आणि दर वेळी 'मी एक माणूस पाहिला' या वाक्याला बंद केलं.

ईस्टरच्या संध्याकाळी मी शिमोनला फोन लावला. मागून गोदामातला आवाज येत होता. मी सरळ म्हणालो, "शिमोन, ती गोष्ट तुमची होती. तुम्ही ती सांगणार हे मला माहीत होतं. तरी मी सांगितली. मला माफ करा."

त्याने फोर्कलिफ्ट बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "लय वाईट वाटलं व्हतं सर. घरी जाऊन जेवलो न्हाई. माझ्याकडं ती एकच गोष्ट हाय."

"हो."

"आई म्हणली, जाऊ दे. मी म्हणलं, जाऊ दे कसं? सर फोन करतील. दोन दिस वाट बघितली तुमच्या फोनची."

"मग केलंत का माफ?"

"न्हाई अजून," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू तुमच्याशी? करणार हाय सर, नक्की करणार. पर आज न्हाई व्हणार. बघू."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. तर या प्रवासातून घरी काय आणलं, असं विचाराल तर एवढंच. शिमोनचा हेवा आता वाटत नाही, ते दुखणं गेलं. रात्री दिवा मालवला की मला दुसऱ्या उद्गारातला, क्रूसावरचा तो माणूस दिसतो. चोर तोही आणि मीही. त्याला 'आज' मिळालं, मला 'बघू' मिळालं, आणि मला त्याचा भयंकर हेवा वाटतो.